मी नाओसी नाही

जिनान स्टेशनबाहेरच्या बसमध्ये बाबा दारातच अडकले. पाठीवरची सॅक लिनयीची जुनी, कॉलेजच्या पहिल्या वर्षातली. आतला माल मात्र सगळा त्यांचा. उकडलेली अंडी, घरच्या मिरचीची बरणी, चहाच्या पुड्या, दोन छत्र्या. रात्रभर गाडीच्या कडक बाकावर बसून पाय सुजले होते, आणि सॅक पोटाशी घ्यावी की पाठीवरच ठेवावी हे काही केल्या ठरत नव्हतं.

"लाओशर, आत सरका," ड्रायव्हर म्हणाला. "मागे माणसं खोळंबलीत."

बाबा सरकले नाहीत. त्यांनी आधी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग लिनयीकडे.

"मी नाओसी नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"नाओसी. मी नाओसी नाही."

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "नका असू, लाओशर. पण सरका."

लिनयीने त्यांना दंडाला धरून आत ओढलं. मागची माणसं चढली, बस सुटली.

लाओशी म्हणजे शिक्षक, गुरुजी. जिनानचे लोक शेवटी जीभ गुंडाळून त्याचं लाओशर करतात आणि रस्त्यात भेटेल त्याला ते लावतात. भाजीवाला, पोलीस, चुकीच्या बाजूने येणारा सायकलवाला, सगळे लाओशर. लिनयीने हे ऐकलं होतं. पण शहरात पाय ठेवता ठेवताच गाठ पडेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि बाबांच्या जिभेवर तो शब्द नीट येत नसे. पश्चिम हूबेईतल्या त्यांच्या डोंगरात 'ल'चा 'न' होतो, 'श'चा 'स' होतो आणि 'हू'चा 'फू'. बाबांच्या तोंडी लाओशीचं नाओसीच व्हायचं.

"तू सांगितलंस त्याला?" बाबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"काय?"

"मी पूर्वी काय करायचो ते."

"बाबा, तो बस चालवतोय. मी त्याला कधी गाठून सांगू?"

"मग त्याला कसं कळलं?"

"इथे सगळ्यांनाच म्हणतात."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती नुसती समजूत घालतेय हे त्यांच्या लक्षात आलंय. मग ते खिडकीबाहेर बघत बसले.

लिनयीचं कॉलेज संपलं होतं. पुढच्या आठवड्यात शेन्झेनमध्ये नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि त्याआधी पाठीला सॅक लावून, मिळेल त्या स्वस्त गाडीने उत्तरेकडची दोन-चार शहरं पायी हिंडून यायचं असं तिने ठरवलं होतं. एकटीने. आई म्हणाली, ह्यांनाही घेऊन जा, चहाचं आणि डुकरांचं मी बघते. लिनयी स्वतःला काटकसरी समजत होती. बाबांबरोबर एक दिवस काढल्यावर तिला कळलं की आपण उधळ्या आहोत. दोन बसथांब्यांचं अंतर असेल तर ते चालतच जात. गरम पाणी फुकट मिळतं म्हणून स्टेशनात थर्मास भरून घेत, आणि अंड्यांची टरफलं कागदात बांधून कचराकुंडी दिसेपर्यंत खिशात ठेवत.

हॉस्टेल एका जुन्या गल्लीत होतं. मालकीणबाई रुंद, मांडीवर मांजर.

"लाओशर, ओळखपत्र."

"मी नाओसी नाही."

"नाओ? असं आडनाव आजच ऐकतेय."

"शियांग, मावशी," लिनयी घाईने म्हणाली. "शियांग आडनाव आहे आमचं."

"मग तसं सांगा की. वरची खाट की खालची, लाओशर? वरची स्वस्त पडेल."

"वरची," बाबा म्हणाले. स्वस्त या शब्दापुढे त्यांचा कुठलाच हट्ट टिकत नसे.

खाटा सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. "बाई, मी शेतकरी आहे. चहा लावतो."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "न्हाणीघर डाव्या हाताला, लाओशर."

दुपारी ते पाणी भरायला निघाले. या शहरात जमिनीतून झरे फुटतात, आणि काळ्या वाघाच्या झऱ्यावर अख्खं गाव कॅन घेऊन येतं. पाणी गोड, फुकट, हवं तितकं. बाबांनी रिकाम्या बाटल्या टाकून दिल्या नव्हत्या. त्यांची जोडी करून सॅकच्या दोन बाजूंना बांधली होती. फुकट म्हटल्यावर त्यांना हुरूप आला, आणि लिनयीने फोन काढायच्या आत त्यांनी स्वतःच रस्ता विचारला. समोरून एक म्हातारा हातगाडीवर कॅन लादून येत होता.

"अहो, हेईफू कुठं आलं?"

म्हातारा थांबला. झऱ्याचं नाव हेईहू. हू म्हणजे वाघ. पण हेईफू म्हटलं की ऐकणाऱ्याला काळे कपडे ऐकू येतात.

"काळे कपडे?" त्याने आवाज खाली आणला. "कोण गेलं तुमचं?"

"कुणी नाही. पाणी पाहिजे."

"कपडे पाहिजेत तर त्या चौकात दुकान आहे."

"हेईहू, आजोबा," लिनयी मध्ये पडली. "झरा. वाघाचा."

"अस्सं! हू!" म्हातारा गाडीच्या दांड्यावर हात आपटून हसला. "मग हू म्हणा ना, लाओशर! लाओशरच असं बोलायला लागले तर पोरांनी काय शिकायचं?"

त्याच्या मनात काहीच नव्हतं. रस्ता दाखवून, बाबांच्या पाठीवर थाप मारून तो निघून गेला. पण बाबा तिथेच उभे राहिले.

झऱ्यावर दगडी वाघांच्या तोंडातून पाणी पडत होतं आणि लोक रांगेत कॅन सरकवत होते. बाबांनी सगळ्या बाटल्या भरल्या. लिनयीने अंडं सोलून दिलं, ते हातातच राहिलं.

ते पक्के शिक्षक कधीच नव्हते. बदली शिक्षक होते, म्हणजे पक्का माणूस डोंगरावर यायला तयार नाही तोवर गावातलाच एक चार इयत्ता सांभाळतो, तसे. त्यांच्या केसात पांढरं येईपर्यंत पक्का माणूस आलाच नाही. लिनयी तिसरीत असताना तालुक्याहून तपासणीला माणसं आली. बाबांनी पोरांना वाघाचा धडा वाचायला सांगितला. वाघ म्हणजे लाओहू. वर्गाने एका सुरात, खणखणीत वाचलं: नाओफू. आलेल्यांपैकी एका तरुणाला हसू आवरलं नाही. दुसरा, वयाने मोठा, म्हणाला, "सगळ्या वर्गाची जीभ एकाच साच्यातून काढलीय."

पुढच्या सत्रात शाळा बंद झाली. त्या वर्षी आसपासच्या डोंगरातल्या सगळ्याच लहान शाळा बंद झाल्या आणि सगळे बदली शिक्षक घरी बसले. त्याचा वाघाशी काही संबंध नव्हता. पण बाबांनी तो जोडला. पुढे काही महिने ते चहाच्या मळ्यात रेडिओ घेऊन जात. वरच्या बांधावरून लिनयीला त्यांचा आवाज ऐकू येई. ना. ना. ना. मग एक दिवस रेडिओ घरातच राहिला.

तेव्हापासून गावात कुणी नाओसी म्हटलं की ते म्हणत, मी नाओसी नाही. लग्नकार्यात जुने विद्यार्थी हात धरून वर बसवायला यायचे, तर हे आचाऱ्याच्या बाजूला, चुलीपाशी जाऊन कांदे सोलत बसलेले असायचे. मुलीचं नावही त्यांनी सोडून दिलं. लहानपणी ते तिला निनयी म्हणायचे, आणि तालुक्याच्या शाळेत जाईपर्यंत तिलाही तेच आपलं नाव वाटायचं. तिने त्यांना कधी टोकलं नव्हतं. एकदा फोनवर मैत्रिणीला ती स्वतःचं नाव सांगत होती, लिनयी, लि, लि. बाबा दारात चपला काढत होते. त्या दिवसापासून ती 'पोरी' झाली.

पाण्याच्या रांगेच्या कडेला उभं राहून लिनयीने फोन कानाला लावला. त्यान आडनावाच्या ग्वांगशूचा आवाज होता. "ताई, उद्याचं नक्की ना? सासऱ्यांनी मासा सांगून ठेवलाय. लाओशर काही बोलले का?" बोलणं अस्सल जिनानचं, शेवटी गुंडाळलेली जीभ आणि सगळं.

ग्वांगशू हा बाबांच्या जुन्या पोरांपैकी. इथे लिफ्ट दुरुस्त करतो, इथल्याच मुलीशी लग्न केलं. गेल्या वर्षी लिनयीने मळ्यातला चहा इंटरनेटवर विकायला ठेवला, तेव्हा गावाचं नाव वाचून त्याने मागवला, आणि खाली विचारलं, लाओशी कसे आहेत? आधी एकदा तो बायकोला घेऊन गावी आलाही होता. कुणीतरी जुना विद्यार्थी वळणावरून चढतोय एवढं बाबांनी लांबून पाहिलं आणि मागच्या दाराने मळ्यात निघून गेले ते अंधार पडल्यावर परतले. ग्वांगशू दारूच्या बाटल्या ओट्यावर ठेवून गेला. त्या अजून तशाच आहेत.

जिनान या प्रवासात आलं ते ग्वांगशूसाठी. आईला माहीत होतं. बाबांना नव्हतं. पुढच्या आठवड्यात लिनयी हजार मैल लांब जाणार होती, आणि दर सणाला थोडा थोडा चुलीकडे सरकत गेलेला हा माणूस मागे तसाच ठेवून जायचं तिला धाडस होत नव्हतं. त्याने एकदा, एका घरी, मानाच्या खुर्चीवर बसावं. एवढंच. पण आता म्हाताऱ्याच्या त्या थट्टेनंतर त्यांना कसं सांगायचं?

"पोरी," बाबा म्हणाले, "उद्या इथून निघू या."

"तिकिटं परवाची आहेत, बाबा. बदलली तर पैसे कापतात."

बाबांनी मनात हिशोब केला. मग हातातलं अंडं खाल्लं.

सकाळी तिढा सुटला, आणि तो लिनयीने नाही सोडवला. गल्लीच्या तोंडाशी एक बाई मोठ्या पातेल्यातून भरड्याची पेज वाढत होती. पाटीवर नाव होतं 'गोड फेस'. बाबांना गोड आवडतं. त्यांनी दोन वाट्या घेतल्या, मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट आहे!"

"गोड फेस खारटच असतो, लाओशर," बाई म्हणाली.

"मग गोड का म्हणता?"

"म्हणतात. माझी आई म्हणायची, मी म्हणते." तिने शेजारी उभ्या असलेल्या झाडूवाल्याची वाटी भरली. "हे घ्या, लाओशर. काल आला नाहीत?"

"पाठ धरली होती, लाओशर," झाडूवाला म्हणाला.

बाबांनी वाटी खाली ठेवली. झाडूवाल्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं. तेवढ्यात एका पोराने स्कूटर थेट पातेल्याला टेकवली, आणि बाई ओरडली, "लाओशर, डोळे घरी ठेवून आलात का?"

"पोरी," बाबा हळूच म्हणाले, "हा पण?"

"कालपासून तेच सांगतेय."

"म्हणजे हे आपलं नुसतं 'अहो'सारखं?"

"तसंच."

बाबा हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. लिनयीने त्यांना असं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. "गोड म्हणतात ते खारट, आणि नाओसी म्हणतात तो झाडूवाला. या गावात कुणाच्याच शब्दात काही नसतं." त्यांनी वाटी उचलून तळापर्यंत प्यायली, वर मिरची मागितली. मग झाडूवाल्याला स्वतःहून हाक मारली. "नाओसी, तळ्याकडे बस जाते का कुठली?"

"चालत जा, लाओशर. बस कशाला?"

"बघ," बाबा म्हणाले. "शहाणा माणूस आहे."

सकाळभर ते तळ्याकाठी हिंडले. बाबांनी फुलवालीला नाओसी म्हटलं, पहारेकऱ्याला म्हटलं, दात नसलेल्या एका बासरीवाल्याला म्हटलं. शब्द त्यांच्या हातात आलेल्या नव्या चाकूसारखा होता. जिथे तिथे चालवून बघत होते. आणि जो कोणी त्यांना लाओशर म्हणेल त्याच्याकडे बघून ते मान डोलवत. लिनयीला आधी बरं वाटलं. तळ्याला अर्धी फेरी झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे अवघड झालंय. ग्वांगशू बारा वाजता दार उघडून लाओशर म्हणेल, आणि बाबा त्यालाही बासरीवाल्यासारखी मान डोलावतील.

"बाबा, आज आपल्याला जेवायला बोलावलंय."

"कुणी?"

"आपल्याकडून चहा घेतात ते. इथेच राहतात."

"फुकट?"

"जेवायला बोलावलंय म्हटलं तर पैसे कोण मागेल?"

"मग रिकाम्या हाताने नको. चहाची पुडी आहे माझ्याकडे." ते लगेच उठले.

दार ग्वांगशूच्या सासऱ्यांनी उघडलं. मोउ आजोबा, निवृत्त रेल्वेवाले, छाती पुढे आणि आवाज फलाटावरचा. "या, या, लाओशर! सॅक इथे टाका. एवढं ओझं घेऊन हिंडता? आमचा जावई पाण्याचा कॅन वर आणायचा तर लिफ्टची वाट बघतो, आणि लिफ्ट तोच दुरुस्त करतो!"

"नाओसी, नमस्कार," बाबा मजेत म्हणाले आणि पुडी पुढे केली.

मोउंची मुलगी जिंग पाणी घेऊन आली. तिच्यामागून, एप्रनला हात पुसत, ग्वांगशू. त्याने केस कापून घेतले होते. आठवडाभर तो हे मनात घोळवत असणार. आता दोन पावलांवर येऊन उभा राहिला आणि तोंडातून फक्त एक शब्द निघाला.

"लाओशर!"

अगदी जिनानचा. बस ड्रायव्हरचा, मांजरवाल्या बाईचा, झाडूवाल्याचा.

"नमस्कार, नमस्कार," बाबा हसून म्हणाले. "तुम्हाला उगाच त्रास दिला." आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले.

ग्वांगशूने लिनयीकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी खुणावलं, बोल, नाव सांग. त्याने पुन्हा एप्रनला हात पुसले. "मासा बघतो," असं काहीतरी पुटपुटून तो स्वयंपाकघरात गेला.

आता मोउंनी बसवाबसवी सुरू केली. यजमान दाराकडे तोंड करून, त्याच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा. यात शानतुंगचा, म्हणजे या प्रांतातला, माणूस चूक होऊ देत नाही.

"लाओशर, तुम्ही इथे, माझ्या उजवीकडे."

"छे, छे. मी इथे बरा." बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराशी असलेलं स्टूल आधीच पकडलं होतं. "वाढायला हाताशी राहीन."

"वाढायला? अहो, पाहुणे तुम्ही!"

"इथे वारा चांगला येतोय."

"वारा? तो एक्झॉस्टचा झोत आहे, लाओशर, लसणाची!"

हे ओढणं-ढकलणं इथे दर जेवणाला होतं, आणि पाहुणा शेवटी बसतो. बाबा बसणार नव्हते. लिनयीला ते स्टूल ओळखीचं होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात चुलीपाशी तेच असायचं. शब्द या शहरात फुकट मिळत होता म्हणून त्यांनी तो घेतला. खुर्चीला किंमत होती, म्हणून ती नको. तिने ठरवलं की आता आपणच सांगून टाकायचं. काय व्हायचं ते होवो.

"बाबा, हे जे आत आहेत ना, ते..."

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार पाठीने ढकलत ग्वांगशू उलटा बाहेर आला. दोन्ही हातांत लांबट थाळा, थाळ्यात रस्स्यासकट अख्खा मासा, वाफ तोंडावर. तो वळला, आणि स्टूल बरोबर पायात. थाळा कलला. रस्सा काठावर आला.

"नाओसी, सरका! सरका!"

बाबा उडी मारून सरकले. स्टूल उलटलं. ग्वांगशूने कसाबसा थाळा टेबलावर टेकवला आणि भाजलेली बोटं कानाच्या पाळीला लावली.

 बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते.

"काय म्हणालास?" त्यांनी विचारलं.

"भाजेल म्हणून... सरका म्हटलं."

"ते नाही. मला काय म्हणालास?"

ग्वांगशूचे कान लाल झाले होते, आणि सगळा दोष रस्स्याचा नव्हता. "नाओसी."

"कुणाचा रे तू?"

"खालच्या वळणावरच्या त्यान घरातला. ग्वांगशू."

"ग्वांगसू," बाबा म्हणाले.

ते त्याच्याजवळ गेले. त्याचं तोंड असं न्याहाळलं की जणू आत काही अडकलंय. "ना नाही," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "जीभ वर. टाळूला टेकव आणि बाजूनी सोड. न... न..." ते थांबले.

"जमत नाही, नाओसी," ग्वांगशू म्हणाला. "इथलं सगळं बोलतो. घाबरलो की गावचं येतं. तुम्हाला जमलं का?"

"नाही. रेडिओ लावून बघितलं."

"मी पण. मोबाईल लावून."

"मग मी ह्याला लाओशर म्हणायला कसं शिकवलं ते विचारा!" जिंग म्हणाली. "सहा महिने! आणि निळा अजून येत नाही." ती वडिलांकडे वळली. "बाबा, निळ्याची गोष्ट सांगा."

निळा म्हणजे लान. नान म्हणजे पुरुष. मोउ ही गोष्ट सांगायची संधी सोडणाऱ्यांतले नव्हते. "हा पहिल्यांदा घरी आला. मी म्हटलं, लग्नात स्कूटर देतो, कुठली आवडते? लाल की निळी? हा मान खाली घालून म्हणतो, मला नान आवडतात. मी म्हटलं, काय? म्हणतो, लहानपणापासून. नानच आवडतात. अहो लाओशर, माझा चहा गार झाला! मी विचार करतोय, पोरगा प्रामाणिक आहे, पण मग माझ्या मुलीला मागायला कशाला आलाय?"

"आणि मी दाराआड," जिंग म्हणाली. "हसून हसून पोट दुखलं. त्याआधी मी नाही म्हणणार होते."

लिनयी हसली. बाबा हसले नाहीत.

"लोक हसत असतील तुला," ते ग्वांगशूला म्हणाले. "बाहेर. कामावर."

"हसायचे."

"माझ्यामुळे."

ग्वांगशूने थोडा विचार केला. "हसले. मग मी लिफ्ट दुरुस्त केली आणि ते वर गेले."

मोउंनी घसा साफ केला. मासा निवत होता. ग्वांगशूने थाळा दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवला, माशाचं तोंड मोउंच्या उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर आणलं, आणि हात काढून घेतले.

"आता मात्र पंचाईत आहे," मोउ म्हणाले. "माशाचं तोंड ज्याच्याकडे तो बसल्याशिवाय आमच्यात कुणी बसत नाही, आणि जेवणाच्या काड्यांना हात लावत नाही. मला भूक लागलीय."

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं. लिनयीला वाटलं, आता ते म्हणणार. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं.

"मी पक्का नव्हतो," ते म्हणाले. "बदलीवर होतो. दुसरा येईपर्यंत."

"आम्हाला कुठे माहीत होतं?" ग्वांगशू म्हणाला. "आम्हाला तुम्ही एकच होता." आणि खुर्ची मागे ओढून, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "बसा, नाओसी."

बाबांनी उलटलेलं स्टूल उचललं, सरळ करून भिंतीशी नीट लावून ठेवलं. सदऱ्याची वरची गुंडी लावली. मग टेबलाला वळसा घालून गेले आणि बसले.

बाकीचे उभेच होते. मोउ जावयाकडे बघून, जिंग वडिलांकडे बघून. ग्वांगशू खुर्ची सोडून टेबलाच्या पलीकडे आला होता. हात दोन्ही बाजूंना सरळ, मान ताठ, डोळे समोर. बत्तीस वर्षांचा, एप्रनवर रस्स्याचा डाग. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की तो कशाची वाट बघतोय.

"बसा," ते म्हणाले. चार इयत्तांना एकदम ऐकू जाईल असा आवाज होता.

ग्वांगशू सगळ्यांत आधी, धपकन बसला. मग जिंग, मग मोउ. लिनयी अजून दारापाशी, सॅकजवळ उभी होती.

"निनयी," बाबा म्हणाले, "तू का उभी? बस."

लिनयी बसली.